वाटपापासून मस्टरपर्यंत: वसईतल्या एका धर्मग्रामाच्या नोंदी

शेजारच्या दोन धर्मग्रामांतल्या (पॅरिशमधल्या) मंडळींनी "तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहून द्या" म्हणून माझ्यामागे लकडा लावला. लिहिलेलं होतंच. पोस्टातून निवृत्त झाले तरी तारीख, वार, रक्कम टिपायची सवय सुटलेली नाही. तीच वही जरा नीटनेटकी करून देतेय. पाड्याचं, ठेकेदाराचं, माणसांचं नाव मुद्दाम गाळलंय.

१४ फेब्रुवारी २०२४, राखेचा बुधवार

संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) सेंट विन्सेंट डी पॉल या गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या आम्हा आठजणांची बैठक. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात दानाचे डबे वाटतो, ईस्टरला गोळा करतो, पैसे वर पाठवतो. फादर म्हणाले, "यंदा पैसे पाठवू नका, स्वतः जा." गरिबाच्या घरी जाऊन भेटणं हे तर आमच्या संस्थेचं १८३३ पासूनचं काम, पण आम्ही ते धर्मग्रामाच्या चार वाड्यांपुरतं ठेवलं होतं.

ठरलं असं: तालुक्याच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराखाली एक कातकरी पाडा आहे, तिथे शिध्याचे ५० किट द्यायचे. ५० का? आकडा बरा दिसतो म्हणून. पाड्यावर घरं किती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

गेल्या वर्षीची शिल्लक धरून जमा ४६,३०० रुपये. एक किट ८४० रुपयांचा: तांदूळ ५ किलो, गव्हाचं पीठ २ किलो, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ, मिरची. पन्नासांचे ४२,०००. टेम्पो १,८००.

निघायच्या आधी एक तास फुकट गेला. धर्मशिक्षणाच्या मुलांनी हौसेने प्रत्येक पिशवीत संतांची चित्रं टाकली होती. ती सगळी काढली. मुलं हिरमुसली, एका आईने मला सुनावलंही. पण तांदळाच्या पिशवीतून चित्र निघालं की तांदळाचा अर्थ बदलतो. पाड्याच्या तोंडाशी एकाने विचारलंच, "बाटवायला आलात का?" पिशवी उघडून दाखवता आली, म्हणून पुढे जाता आलं. तेव्हापासूनचा नियम: प्रार्थना नाही, चित्र नाही, फोटो नाही. फोटो नाही म्हटल्यावर आमच्यातलेच दोघे पुढच्या खेपेला आले नाहीत.

पाड्यावर ४३ घरं. उघडी १८. बाकीच्या २५ घरांना कुलूप, किंवा नुसतीच दोरी. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, हे वसईत जन्म काढून आम्हाला ठाऊक नव्हतं. ३२ किट परत आणले. उन्हात टेम्पोत तेलाच्या दोन पिशव्या फुटल्या, पाच किटांचं पीठ वाया.

पीठ तसंही चुकलंच होतं. एक आजी पिशवी चाचपून म्हणाली, "याच्यापेक्षा जवळा आणला असता तर." तांदळाची भाकरी नि सुकी मासळी हे त्यांचं जेवण. आम्ही, म्हणजे सुकी मासळी बघत वाढलेली वसईची माणसं, गव्हाचं पीठ घेऊन गेलो.

२५ फेब्रुवारी, रविवार

पाड्यावरच्यांना विचारून दोन भट्ट्या शोधल्या. दिवसा कामाच्या वेळी आत सोडत नाहीत. अंधार पडल्यावर, चुली पेटल्या तेव्हा गेलो. दोन्ही मिळून १४ कुटुंबं भेटली.

इथे एक गोष्ट कळली ती किट देऊन सुटणारी नव्हती. रेशन कार्ड पाड्यावर पत्र्याच्या पेटीत, माणसं इथे. सहा-सात महिने कोणी धान्य उचलत नाही. भट्टीजवळच्या दुकानातून तांदूळ विकत घ्यायचा, तो उचलीच्या खात्यावर मांडला जातो. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशाप्रमाणे अशा कुटुंबांना अंत्योदय, म्हणजे सगळ्यांत गरिबांसाठीचं रेशन कार्ड मिळायला हवं. अंत्योदयला महिन्याला ३५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. आम्ही त्यांना पाच किलो तांदूळ द्यायला आलो होतो.

उचल म्हणजे हंगामाआधी जोडप्याला दिलेली आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत भट्टी सोडायची नाही. हे कर्ज नि मजुरीचं कोडं आमच्या ताकदीचं नाही, हे त्याच रात्री गाडीत बसल्या बसल्या कबूल केलं. वेठबिगारीचा कायदा १९७६ चा आहे आणि आमच्याच तालुक्यात उसगावला बसून श्रमजीवी संघटना १९८२ पासून हेच काम करतेय. अशी तक्रार आली तर ज्यांना ते येतं त्यांच्याकडे माणूस पोचवायचा, सोबत जायचं, मध्ये पुढारीपण करायचं नाही.

३ मार्च, रविवार

उरलेले किट घेऊन पुन्हा पाड्यावर. छोटा टेम्पो, १,२०० रुपये.

हा दिवस सविस्तर लिहितेय. पाड्याच्या टोकाच्या घरातली एक बाई, वय पन्नासच्या आसपास. मागच्या वेळी घर बंद होतं, नाक्यावर कामाला गेली होती. तिने किट घेतला, खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि मला विचारलं, "तुम्ही त्या मोठ्या देवळाच्या ना? तिथल्या हॉलाच्या गिलाव्याला मी होते. सात दिवस. सहाशेने. ते कधी देणार?"

देऊळ म्हणजे आमचं चर्च. मी म्हटलं, कोणता हॉल? तिने सगळं सांगितलं. गेटजवळचं आंब्याचं झाड, मागची टाकी, पाणी प्यायला मठातल्या सिस्टरांनी दिलेली निळी कळशी. आमचाच हॉल. जानेवारीतलं काम. ४,२०० रुपये तिचे, आणि ती एकटी नव्हती.

८४० चा किट तिच्या पायाशी पडलेला. मला तो उचलून परत घ्यावासा वाटला, म्हणजे लाजेने. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

६ मार्च, बुधवार

पॅरिश कौन्सिलची, म्हणजे धर्मग्रामाचा कारभार बघणाऱ्या मंडळाची खास बैठक. पावणेतीन तास. बहुतेकांचं म्हणणं: आपला व्यवहार ठेकेदाराशी, आपण त्याचे हप्ते वेळेवर दिलेत, त्याने पुढे दिले नाहीत तर आपण काय करणार? खजिनदारांनी पावत्या दाखवल्या. पावत्या चोख होत्या. मला राग आला तो या चोखपणाचाच.

फादरांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढला. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी पोचते, तो भाग. १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' परिपत्रकातही पोपमहाशयांनी हेच वचन घेतलंय, असं ते म्हणाले. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फादर, ते मिस्साला ठीक आहे." खोली गप्प. मग तेच गृहस्थ थोड्या वेळाने म्हणाले, "शेवटचा हप्ता किती राहिलाय?"

राहिला होता ४०,०००. तो हातात होता म्हणून पुढचं सगळं झालं. तुमच्याकडे बांधकाम चालू असेल तर शेवटचा हप्ता मजुरांची हजेरी बघितल्याशिवाय सोडू नका. या वहीतली एकच ओळ घ्यायची असेल तर ही घ्या.

१० मार्च, रविवार

ठेकेदार आला, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) घेऊन. मस्टर म्हणजे शाळेची चौरेघी वही. दहाजणांची बाकी, एकूण ३१,२००. नाकारलं काहीच नाही. त्याचेही पैसे दुसरीकडे अडकलेत म्हणाला. खोटं बोलत नसावा. नावं मात्र अशी: तीन-चार पूर्ण, एक 'काळूची बायको', एक 'वाघचा मेव्हणा'.

१६ मार्च, शनिवार

तहसीलच्या लोकांबरोबर २४ तारखेला पाड्यावर रेशन कार्डांचं शिबिर ठरलं होतं. आज लोकसभेची आचारसंहिता लागली. शिबिर रद्द, माणसं निवडणुकीच्या कामाला. पालघरचं मतदान २० मे ला. म्हणजे जूनपर्यंत कागद हलणार नाही. ही तारीख साधारण कधी येणार हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही दिसत होतं. आम्ही कॅलेंडर बघितलं ते फक्त उपवासकाळाचं.

वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही स्वतःच घरोघर यादी केली. ४३ पैकी: कार्डच नाही ९. कार्ड आहे पण ऑनलाइन बारा अंकी नंबर नाही, म्हणून धान्य नाही ६. मुलांची किंवा सुनांची नावं नाहीत १७. सगळं ठीक ११.

२८ मार्च, पवित्र गुरुवार

मजुरी हॉलमध्येच दिली, ठेकेदारासमोर, रक्कम मोठ्याने वाचून, सही किंवा अंगठा घेऊन. सातजण आले. २२,८०० दिले. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ज्या दिवशी देवळात पाय धुतात तोच दिवस निवडावा असं कोणीतरी सुचवलं होतं आणि मला ते नाटकी वाटलं होतं. मजुरांच्या दृष्टीने तो नुसता गुरुवार होता, त्यांची एक दिवसाची रोजी बुडाली. ती आम्ही धरली नव्हती. नंतर खिशातून दिली. पुन्हा केलं तर संध्याकाळी सहानंतर करीन.

तिघे आले नाहीत. ८,४०० पाकिटात, ऑफिसच्या कपाटात.

२१ एप्रिल, रविवार

भट्टीवरची एक अंत्योदयवाली बाई आणि तिचं कार्ड (पाड्यावरून आणलेलं) घेऊन भट्टीजवळच्या रेशन दुकानात. धान्य आपल्या गावच्या दुकानातूनच घ्यावं लागतं असं नाही, राज्यात कुठल्याही दुकानात अंगठा देऊन घेता येतं. ही पोर्टेबिलिटी त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. 'मेरा राशन' ॲपवर आमच्या इंजिनिअरिंगवाल्या पोराने कार्ड चालू असल्याचं आधी बघून ठेवलं होतं.

अडलं ते अंगठ्यावर. वर्षानुवर्षं माती कालवून, विटा उचलून बोटं घासून काचेसारखी गुळगुळीत झालेली. मशीन घेईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, लाल, लाल, लाल. दुकानदार चांगला होता, म्हणाला बोटं धुऊन या. धुतली. आठव्या खेपेला डाव्या हाताची करंगळी हिरवी लागली. ३५ किलो धान्य. बाईकडे पिशवी नव्हती. मिळेल याची खात्रीच नसल्यामुळे आणली नव्हती. सिमेंटच्या तीन गोण्या शोधून भरलं.

तेव्हापासून आम्ही सगळ्यांना सांगतो: आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळा, सकाळी धुऊन कोरडी करा, आणि दहाही बोटं लावून बघा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीचा मार्ग राहतो. पण २०२४ मध्ये नंबर जोडायला आधार केंद्रावर ५० रुपये पडायचे, बोटांचे ठसे नव्याने द्यायचे तर १००. लहान मुलांचे पाच आणि पंधरा वर्षांचे ठसे फुकट.

८ ते १५ जून

पाऊस. माणसं परतली. आता खरं काम.

पहिल्याच आठवड्यात आम्ही १,४०० रुपये पाण्यात घातले. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्रं करायची म्हणून १४ जणांसाठी शंभर-शंभरचे स्टॅम्प पेपर घेतले, वर टायपिंगचे पैसे. अर्ज घेणारी मुलगी म्हणाली, "मावशी, हे कशाला? साध्या कागदावर चालतं." दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून महाराष्ट्रात मुद्रांक माफ आहे. मी आयुष्यभर सरकारी खिडकीच्या आत बसले, आणि खिडकीबाहेर उभी राहिले तर पहिल्याच दिवशी फसले.

दुसरी अडचण 'ण' आणि 'न' ची. आधारवर मुकणे, जुन्या कार्डावर मुकने, शाळेच्या दाखल्यावर मुकणा. आणि सगळ्या पाड्याची जन्मतारीख १ जानेवारी. आधी आधार सुधारायचं, मग त्याप्रमाणे बाकीचं. आम्ही उलट क्रमाने सुरुवात केली, म्हणून सहा अर्ज परत आले. तीन आठवडे गेले.

तिसरी अडचण अजून सुटलेली नाही. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा रानात कोळसा पाडायचा, त्याने १९५० चा कागद आणायचा कुठून? दोन घरांत आज्याचं नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडलं. ते शोधायला शाळेत चार फेऱ्या. बाकीच्यांसाठी गृहचौकशीचा आग्रह धरतोय.

१ ते २० जुलै

२८ जूनच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण जाहीर झाली आणि सगळा तालुका दाखल्यांच्या रांगेत उभा राहिला. आमचे अर्ज ढिगाच्या तळाशी. चडफड झाली. पण याचा एक फायदा झाला: पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, असा नियम. मग कार्डाचं महत्त्व पाड्यावरच्या पुरुषांनाही एका दिवसात कळलं.

फॉर्म भरून द्यायचे दोनशे रुपये घेणारे लोक पाड्यावर फिरत होते. आमच्या युवकांनी २६ फॉर्म फुकट भरले, फोनवर, एका पडवीत, जिथे नेटवर्क येतं तेवढ्या तीन फुटांच्या कोपऱ्यात उभं राहून.

२५ जुलै, गुरुवार

फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. त्यांच्या हरित वसई चळवळीच्या, पाणी-जमीन वाचवायच्या मोर्च्यांना मी पोस्टात अर्धी रजा टाकून जायची. रात्री कौन्सिलमधले ते ज्येष्ठ सभासद भेटले, तेही त्या मोर्च्यांतले. जुन्या गोष्टी निघाल्या. मध्येच म्हणाले, "तेव्हा पाणी आपलं होतं, जमीन आपली होती. रस्त्यावर उतरायला काही वाटलं नाही. हॉलाच्या वेळी मला का जड गेलं, ते कळत नाही." मी काही बोलले नाही. मलाही त्या बाईने विचारेपर्यंत काही दिसलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

२६ पैकी १९ बायकांच्या खात्यात पैसे. चौघींचे अर्ज अडकलेले. तिघींचे पैसे 'गेले', पण कुठे ते कळेना. इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. आधार ज्या खात्याला शेवटचं सीड झालेलं (जोडलेलं) असतं तिथे पैसे जातात, तुम्ही फॉर्मवर कुठलंही खातं लिहा. दोघींची जुनी विसरलेली खाती निघाली. तिसरीने बँकेत काही वर्षांपूर्वी अंगठा दिला होता एवढंच तिला आठवत होतं. तिघींना घेऊन एक पूर्ण दिवस, रिक्षाभाडं ३६०.

६ ऑक्टोबर, रविवार

आज यादी पुन्हा तपासली. कार्ड नसलेल्या ९ पैकी ७ जणांना मिळालं. बारा अंकी नंबर ६ पैकी ५ जणांना. नावं वाढवायची होती त्या १७ पैकी ११ घरं पूर्ण. नऊतल्या एकाला कार्ड मिळालं पण केशरी, धान्य नाही. स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीचा इष्टांक (ठरलेला कोटा) भरलाय असं उत्तर मिळालं. कातकऱ्याला अंत्योदय असताना इष्टांकाचा प्रश्न येतो कुठे, म्हणून लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. पोच घ्याच. पोच नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

आठ महिन्यांचा खर्च, किट वगळून: प्रवास, झेरॉक्स, आधारची फी, वाया गेलेले स्टॅम्प धरून ११,७००. किटांवर पहिल्याच महिन्यात ४५,००० गेले होते.

३ नोव्हेंबर, रविवार

पुढच्या आठवड्यापासून माणसं भट्ट्यांवर निघतील. या वेळी कार्ड पेटीत ठेवू नका, सोबत न्या, हे सांगत घरोघर फिरलो. प्रत्येक कार्डाला प्लॅस्टिकचं पाकीट, पाठीमागे बारा अंकी नंबर मोठ्या अक्षरात आणि आमच्या पोराचा फोन.

१७ नोव्हेंबर, गरिबांचा जागतिक दिन

पोप फ्रान्सिस यांनी हा दिवस २०१७ पासून सुरू केला. कौन्सिलने हॉलमध्ये जेवण ठेवायचं ठरवलं होतं. पाड्यावरून कोण येणार? निम्म्याहून अधिक घरांना पुन्हा कुलूप. जेवण रद्द करून संध्याकाळी भट्टीवर गेलो. तिथे तिघांतला एक सापडला, गिलाव्यातला. त्याचे २,४०० हातात दिले. त्याने मोजले, पुन्हा मोजले, आणि विचारलं, "कापलं नाही काही?"

१ डिसेंबर, रविवार

पाकिटात ६,००० उरले. खजिनदार म्हणाले, वर्षाचे हिशोब बंद करायचेत, माणसं मिळत नाहीत, तर ते गरिबांच्या फंडात टाकू, चांगल्याच कामाला लागतील. तिघांनी मान डोलावली.

मी नाही म्हटलं. फंडात टाकलं की ते आपलं दान होतं. वही मागून घेतली आणि माझ्या हाताने 'देणी' या सदराखाली ६,००० लिहिले. नावाच्या रकान्यात दोन ओळी: एक पूर्ण नाव, आणि 'वाघचा मेव्हणा'. पाड्यावर वाघ आडनावाची सहा घरं आहेत. दोन विचारून झाली.